टिश्यूच्या रोपाला माय असते

पैठण तालुक्यातल्या एका बांधावर ऐकलेलं वाक्य डोक्यातून जात नाही. "बाटलीत वाढलेलं झाड ते, त्याला ना माय ना बाप. आज भगवा डाळिंब म्हणून लावायचं, अन् तीन वर्षांनी काय निघंल ते कुणी सांगावं?" बोलणारा शेतकरी कच्चा नव्हता. मोसंबी त्याने दोन दुष्काळांतून टँकरच्या पाण्यावर जगवली होती. गुटी कलमांची डाळिंबाची बाग मात्र तेल्या रोगाने गेली आणि मुळासकट काढावी लागली. आता टिश्यूची, म्हणजे ऊतीसंवर्धनाने वाढवलेली रोपं घ्यायची की नाहीत, यावर त्याचं पोराशी वाजलं होतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस, म्हणून दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तिथे जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहितो.

त्याच्या शंकेत अर्धं खरं आहे आणि अर्धं चूक. आधी चूक ते बघू.

टिश्यूच्या रोपाला माय असते, आणि एकटी मायच असते. पण तसं तर गुटीलाही बाप नसतो आणि कोय कलमाच्या काडीलाही नसतो. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मराठवाडा केसरचं प्रत्येक खात्रीचं झाड कलमाचं आहे. म्हणजे गिरनारच्या पायथ्याच्या त्या मूळ वाणाचाच तुकडा इथल्या गावठी आंब्याच्या मुळांवर वाढतो आहे. केळीचं तर विचारूच नका. बसराई असो, अर्धापुरी असो की जी-नऊ, तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरतच नाही. बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यावरून मुनवा, हीच तिची वंशावळ. मुनवे काढून लागवड करणारे आपले आजोबा एकाच झाडाच्या प्रती काढत होते. प्रयोगशाळेने तेच काम बाटलीत नेलं. त्यात बाहेरचा जनुक कुणी घालत नाही, म्हणून टिश्यूच्या रोपाला 'जीएम' म्हणणं साफ चूक आहे.

"पण बाटलीत गेलं की वाण बदलतं," हा पुढचा आक्षेप. वाण शेतातही बदलतं. थॉम्पसन सीडलेस द्राक्षाच्या वेलींमध्ये सांगली जिल्ह्यात वेगळी वेल दिसली, तिचं 'तास-ए-गणेश' झालं. पुढे सोलापूरकडच्या नान्नजमध्ये लांबट मण्यांची 'सोनाका' निघाली. दोन्ही वेळा ना बाटली होती, ना संप्रेरकं. उन्हात उभ्या असलेल्या वेलीच्या फांदीत बदल झाला, शेतकऱ्याच्या डोळ्याने तो हेरला आणि पुढची पिढी त्या बदलावर जगली. पेशी जिथे जिथे विभागते तिथे चूक होऊ शकते. आनुवंशिक स्थैर्य हा प्रमाणाचा प्रश्न आहे, आणि प्रमाण ठरतं ते काम कसं केलं यावरून.

आता खरा अर्धा भाग. रोपं विकणाऱ्यांनी तो लपवू नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऊतीसंवर्धनात बदल होतात, आणि काही पद्धतींत भरपूर होतात. लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये या बदलांना 'सोमाक्लोनल' हे नाव दिलं. कोंबाच्या टोकाची तयार वाढकळी घेऊन तिला फुटवे आणले तर धोका कमी राहतो. आधी पेशींचा बिनआकाराचा गोळा वाढवून त्यातून रोपं उठवली तर धोका वाढतो, कारण त्या गोळ्यात पेशींची शिस्त सुटलेली असते. संप्रेरकांचे डोस चढवले तरी तेच होतं.

त्याहून महत्त्वाचा आहे हिशेब. कोंब वेगळे करून नव्या बाटल्यांत लावणं ही एक फेरी; दर फेरीला एका कोंबाचे तीन झाले असं धरू. आठव्या फेरीअखेर एकाचे ६,५६१ होतात, बाराव्या फेरीअखेर ५,३१,४४१. या दोन आकड्यांमधल्या अंतरात सगळा मोह आहे. नवा मातृकंद आणणं, तो रोगमुक्त आहे का हे तपासणं, बाटलीत रुळवणं, हे खर्चाचं काम. जुन्याच बाटल्या फिरवत राहणं स्वस्त. केळीत साधारण आठ फेऱ्यांपुढे जाऊ नये, हा संकेत त्यासाठीच आहे. आणि चूक लवकर झाली तर? दुसऱ्या फेरीअखेरच्या नऊ कोंबांपैकी एकात बदल झाला, तर शेवटच्या ६,५६१ रोपांतली ७२९ बिघडलेली निघतील. बिघाड असा खेपेने येतो. एकाच्या शेतात खुजी, चिंचोळ्या पानांची केळी आणि शेजाऱ्याच्या शेतात उत्तम निसवण, हे कोडं त्याच्याने सुटतं. मग दोघेही आपापल्या अनुभवावर टिश्यूबद्दल ठाम मत करून बसतात.

मलेशियातल्या तेलताडाचं उदाहरण याहून कठोर आहे. ऊतीसंवर्धनाने वाढवलेली झाडं दिसायला उत्तम होती, पण काही वर्षांनी फळावर आलेल्या कित्येकांची फळं विकृत निघाली आणि तेल घटलं. २०१५ मध्ये कारण सापडलं. डीएनएची अक्षरं जागच्या जागी होती, पण 'कर्मा' नावाच्या एका तुकड्यावरची रासायनिक खूण पुसली गेली होती.

म्हणूनच "आमची रोपं शंभर टक्के आईसारखी, डीएनए तपासलेली" या जाहिरातीचंही खंडन करायला हवं. आयएसएसआर किंवा एसएसआर चाचणी जनुकसंचाच्या मोजक्या जागा बघते. पट्ट्या जुळल्या, तर तपासलेल्या जागी फरक नाही, एवढंच सिद्ध होतं. पुसल्या गेलेल्या खुणेचा त्या चाचणीला पत्ता लागत नाही. चाचणी हवीच, पण तिला शंभर टक्क्यांची हमी म्हणणं ही फसवणूक आहे. तसंच 'रोगमुक्त'चं. टिश्यूचं डाळिंब तेल्याशिवाय शेतात येतं, हा फार मोठा फायदा आहे, कारण गुटीतून तेल्या बागेत सहज शिरतो. पण ते तेल्याला प्रतिकारक नसतं. शेजारची बाग तेल्याने भरलेली असेल, तर पावसाळ्यात त्यालाही तो धरणारच.

तरीही मी टिश्यूच्या रोपांच्या बाजूने उभा आहे. जळगावच्या शिवारात नव्वदच्या दशकापासून ग्रँड नैन, म्हणजे जी-नऊ केळीच्या टिश्यूच्या रोपांनी काय केलं, ते तिथल्या कुणालाही विचारा. एकाच वेळी निसवणारी, एकाच वेळी कापणीला येणारी बाग मुनव्यांवर कधी साधली नव्हती. स्थैर्य नसतं तर ही एकसारखी बाग उभी कशी राहिली असती? आणि अस्थैर्यही वायाच जातं असं नाही. मर रोगाने पछाडलेल्या तैवानच्या जमिनीत टिश्यूची हजारो केळी लावून, त्यांतली वेगळी निघालेली, तग धरणारी झाडं तिथल्या केळी संशोधन संस्थेने निवडली आणि त्यातून नवी वाणं दिली.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यूच्या रोपांसाठीची प्रमाणीकरण पद्धत २००६ पासून आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, विषाणू आणि वाणशुद्धतेची तपासणी, खेपेचं प्रमाणपत्र, सगळं तिच्यात आहे. त्या शेतकऱ्याने पावतीवर खेपेचा क्रमांक मागावा, फेऱ्या किती झाल्या ते विचारावं, मातृवृक्ष कुठे उभा आहे ते विचारावं. उत्तर टाळणाऱ्याकडून रोप घेऊ नये.

आणि एक मागणी आपल्या शहराकडे. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेत परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. तिथे एका तुकड्यात भगव्याची गुटीची झाडं आणि वेगवेगळ्या खेपांची टिश्यूची झाडं शेजारी शेजारी लावा. एकच पाणी, एकच खत, एकच छाटणी. तिसऱ्या बहाराला फाटक उघडा, आणि त्या बाप-लेकांना फळं हातात घेऊन कापू द्या.