रविवार कोणाचा?

पावसाळ्यातील रविवारी सकाळी लोणावळ्याच्या बाजारपेठेतून पायी चालणेही कठीण होते. भुशी धरणाकडे निघालेल्या मोटारींची रांग थेट गावात येऊन थडकते. चिक्कीच्या दुकानांपुढे झुंबड उडते आणि हॉटेलांत पाय ठेवावयास जागा उरत नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या या कुटुंबांना आठवड्यातील एक दिवस मुलांबरोबर घालवावयाचा असतो. हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु याच सकाळी, याच गावात, चर्चची घंटा वाजते तेव्हा आईबरोबर उपासनेस निघालेल्या एखाद्या मुलाचा बाप कोठे असतो? तो हॉटेलच्या मुदपाकखान्यात असतो, टॅक्सीच्या चाकामागे असतो किंवा दुकानाच्या गल्ल्यावर असतो. परगावच्या मुलांना त्यांचे वडील लाभावेत म्हणून गावातील मुलांचे वडील त्या दिवशी घराबाहेर असतात.

ही विसंगती एकट्या ख्रिस्ती समाजाची नव्हे. पण त्या समाजाला ती अधिक बोचते. रविवार हा त्याच्या धर्माने विश्रांतीचा व उपासनेचा दिवस मानला आहे, आणि मावळच्या पर्यटनाने तोच दिवस सर्वाधिक कष्टाचा ठरविला आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा-खंडाळा हे मुंबईकरांचे विसाव्याचे ठिकाण बनले. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला, तेव्हा हा विसावा दोन-तीन तासांच्या अंतरावर आला. इतरांची सुट्टी हाच ज्या गावाचा धंदा, त्या गावाला स्वतःची सुट्टी उरत नाही.

आठवड्याच्या इतर दिवशी तरी काय घडते? १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील माणसाला पिंपरी-चिंचवडचे कारखाने व पुण्यातील कचेऱ्या जवळच्या झाल्या. या गाडीने हजारो घरांत चूल पेटती ठेवली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण पहाटेची गाडी धरणारा बाप मुले उठण्यापूर्वी घर सोडतो आणि रात्री परततो, तेव्हा धाकटी मुले झोपलेली असतात. थोरला जागा असतो. परंतु त्याची नजर हातातील मोबाइलवर खिळलेली असते, आणि पुष्कळदा बापाचीही.

बायबलमधील अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना एक आज्ञा आहे. देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावयाची ती घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना, असा तिचा आशय आहे. या आज्ञेत पाठशाळेचा उल्लेख नाही, पंडिताचाही नाही. उल्लेख आहे तो दिवसाच्या सामान्य क्षणांचा. मुलाजवळ असणे हेच तिने गृहीत धरलेले आहे. जो बाप निजताना व उठताना घरी नाही, त्याने ती पाळावी कशी? शुल्क भरून हे कर्तव्य शाळेवर सोपविता येत नाही आणि रविवारच्या बालवर्गावरही ढकलता येत नाही.

लोणावळ्यात ज्यांच्या नावाची शाळा आहे त्या डॉन बॉस्को यांचे जीवन या संदर्भात बोलके आहे. दोन वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. आईने त्यांना वाढविले, आणि पुढे त्यांनी इटलीतील तुरिन शहरात निराधार मुलांसाठी आयुष्य वेचले. १८८४ साली रोमहून धाडलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे हे तत्त्व मांडले की, मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही. ते आहे हे मुलांना जाणवलेही पाहिजे. शिक्षक वर्गात शिकवितात, पण खेळाच्या वेळी मुलांत मिसळत नाहीत, ही त्यांची खंत होती. आज हीच खंत घराघरांत लागू पडते. मुलासाठी राबणारा बाप मुलावर प्रेम करीत नाही असे कोण म्हणेल? परंतु मुलाला दिसतो तो त्याचा थकवा; प्रेम दिसावयास सहवास लागतो.

‘वेळ थोडा असला तरी चालेल, तो चांगला असला म्हणजे झाले,’ असे समाधान अलीकडे सुशिक्षित पालक करून घेतात. लहान मुलाच्या बाबतीत ते काही अंशी खरे असेलही. वयात येणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र ते साफ फसवे आहे. पंधरा वर्षांचा मुलगा ठरवून दिलेल्या अर्ध्या तासात मन उघडे करीत नाही. तो बोलतो ते भांडी विसळताना, सायकल दुरुस्त करताना, दिवे मालवल्यावर. आणि त्या वेळी कोणी जवळ नसेल तर तो दुसऱ्या कोणाशी तरी बोलतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तेव्हा एका दिवसाची वाट चालून गेल्यावर मरिया व योसेफ यांच्या ते ध्यानी आले. मुलगा सोबतच्या मंडळीत असेल, अशी त्यांची समजूत होती. ते परत फिरले आणि तीन दिवसांनी तो त्यांना मंदिरात सापडला. आपलाही मुलगा ‘असेल कोठेतरी’ या समजुतीवर कित्येक घरे वर्षानुवर्षे चालत राहतात. फरक इतकाच की, मागे फिरण्याइतकी सवड त्यांना होत नाही.

येथे चर्चनेही आत्मपरीक्षण करावयास हवे. समित्या, सभा, गायनाचा सराव, निधिसंकलन यांत मंडळीतील उत्साही माता-पित्यांच्या उरल्यासुरल्या संध्याकाळी खर्ची पडतात. एली हा देवाच्या मंदिराचा याजक होता, तरी त्याचे मुलगे बहकले. त्याच्या हाताखाली वाढलेल्या शमुवेलाचे मुलगेही बापाच्या वाटेने चालले नाहीत. मंदिराची सेवा घराच्या कर्तव्यातून मुक्ती देत नाही, हा इशारा त्या कथांमध्ये आहे.

मग उपाय कोणता? नोकरी सोडा, असा उपदेश ज्याच्या घरी भाडे थकले आहे त्याला करणे ही क्रूर थट्टा होईल. पण नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण येथे अवश्य करावे. गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळविली. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे, आणि रविवार त्यांच्या कामगारांना खंडोबाचा वार म्हणून प्रिय. म्हणजेच ही सुट्टी महाराष्ट्रात केवळ इंग्रजांची देणगी म्हणून आली नाही. ती कष्टकऱ्यांनी मागून घेतलेली आहे. २०१७ च्या कायद्याने महाराष्ट्रात दुकाने वर्षभर उघडी ठेवण्यास मुभा दिली, तरी त्याच्या कक्षेतील कामगाराला आठवड्यातून एक दिवसाची रजा बंधनकारक केली. परंतु मंगळवारी मिळालेली रजा मुले शाळेत असताना सरते. ती अंगाला विश्रांती देते, पण घराला बाप देत नाही. म्हणून हॉटेलचालकांनी व दुकानदारांनी पाळी लावून प्रत्येक कामगाराला महिन्यातून निदान एक रविवार मोकळा द्यावा. त्याने धंदा बुडणार नाही. रविवारी राबणाऱ्यांसाठी चर्चने सोयीच्या संध्याकाळी सहकुटुंब उपासना ठेवावी. शाळांनी पालकसभा कामाच्या वेळी भरवू नयेत. आणि घरी जो तास मिळेल, तो तरी मोबाइल दूर ठेवून आईबापांनी मुलांना द्यावा. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

लोणावळ्याने आजवर लाखो कुटुंबांना एकत्र येण्यासाठी जागा दिली. त्या लौकिकाचा उचित अभिमान त्याने बाळगावा. पण पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या हातांनाही आपल्या मुलांचा हात धरून एखाद्या रविवारी घराबाहेर पडता आले पाहिजे. मुलाचे बालपण सवलतीच्या रजेप्रमाणे साठवून ठेवता येत नाही. ते ज्या दिवशी असते, त्याच दिवशी घ्यावे लागते.