दोन दिवस सॅक्रामेंटोत

मंडळी, आपण डब्लिनकर टाहोला जाताना सॅक्रामेंटोत थांबतो ते गॅस भरायला, नाहीतर मागच्या सीटवरून "अजून किती वेळ?" अशी ओरड सुरू झाली की ठेपल्यांचा डबा उघडायला. राजधानीचं शहर, घरापासून जेमतेम दीड-पावणेदोन तासांवर, पण आम्ही ते इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. या खेपेला नाना, म्हणजे आमचे वडील, पुण्याहून आलेले. नानांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. पी.डब्ल्यू.आय. होते, त्यातली बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात. त्यांना गोल्डन गेटपेक्षा रूळ दाखवावेत असं सौ.नी सुचवलं, आणि एका शनिवारी सकाळी ६८० वरून ८० ला लागून निघालो.

जुनं सॅक्रामेंटो नदीकाठी आहे. लाकडी फुटपाथ, विटांच्या इमारती, घोडागाडी. पुण्याच्या माणसाला दीडशे वर्षांचं काही 'ऐतिहासिक' म्हणून दाखवलं की त्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते नानांच्याही आलं. पण आमच्यातला इंजिनियर जागा झाला तो रस्त्यांमुळे. हे रस्ते मूळचे नाहीतच! १८६१-६२ च्या हिवाळ्यात इथे असा पूर आला की नवे गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड जानेवारी १८६२ मध्ये शपथविधीला होडीतून गेले. (हेच ते विद्यापीठवाले स्टॅनफर्ड.) मग गावाने ठरवलं, गाव सोडायचं नाही, उचलायचं. रस्त्यांच्या दोन्ही कडांना भिंती घालून मध्ये भराव टाकला आणि रस्ते सुमारे दहा फूट वर घेतले. काही इमारती चक्क स्क्रू-जॅक लावून उचलल्या. बाकीच्यांचा तळमजला तळघर झाला. पावसाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं की आपण मीटिंग घेतो, तेवढ्यावर भागतं.

रेल्वे म्युझियममध्ये मात्र नानाच गाईड झाले. तिथे सेंट हायसिंथ नावाचा जुना स्लीपर डबा आहे. रात्रीच्या धावत्या गाडीसारखा तो हलतो. नाना आत शिरले, हाताचा आधार न घेता सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "डोलतोय बरा, पण ट्रॅक चांगला मेंटेन केलेला दिसतो." मागच्या अमेरिकन आजी का हसत नव्हत्या हे त्यांना कळेना.

कॅलिफोर्नियाची पहिली प्रवासी रेल्वे सॅक्रामेंटो ते फोल्सम, २२ मैल, १८५६ साली सुरू झाली. बोरीबंदर-ठाणे २१ मैल, १६ एप्रिल १८५३. म्हणजे आपण जवळजवळ तीन वर्षांनी पुढे! चिरंजीवांनी लगेच हाय-फाइव्ह मागितला. नानांनी तो दिला, पण "कंपनी विलायतेची होती रे," एवढं पुटपुटले.

त्या फोल्सम लायनीचा इंजिनियर थिओडोर जूडा. सिएराच्या डोंगरातून रेल्वे नेता येईल हे त्याने हिंडून, मोजून सिद्ध केलं आणि इथल्या चार व्यापाऱ्यांना पैसे घालायला लावले. ८ जानेवारी १८६३ ला याच नदीकाठी पहिली कुदळ पडली. पुढे व्यापाऱ्यांशी त्याचं बिनसलं. त्यांना बाजूला करण्यासाठी भांडवल उभं करायला तो पनामामार्गे न्यूयॉर्कला निघाला, वाटेत पिवळ्या तापाने गाठलं, आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये गेला. वय ३७. त्याच १८६३ साली आमचा बोरघाट पुरा होऊन गाडी वर चढली. २५ बोगदे, १:३७ चा चढ. तिथला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम सुरू करता करताच १८५९ मध्ये वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. नानांना हे सगळं पाठ.

भिंतीवर टॉमस हिलचं 'द लास्ट स्पाइक' हे भलंमोठं चित्र आहे. १० मे १८६९, युटामध्ये पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जुळले तो क्षण. त्यात जूडासुद्धा उभा आहे, मरून साडेपाच वर्षं झालेली असताना! आमची कन्या, वय बारा, बराच वेळ पाहत होती. "बाबा, पंधरा टनेल खणणारे चायनीज लोक कुठे आहेत?" शोधावेच लागतात. ऐन भरात कंपनीकडे दहा हजारांच्या वर चिनी मजूर होते. गोऱ्यांना पगारावर जेवण मिळे, यांना स्वतःचं स्वतः करावं लागे. जून १८६७ मध्ये त्यांनी संप केला, तर कंपनीने रसद तोडून आठवड्याभरात तो मोडला. पुढे १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात येण्याचीच बंदी झाली. हे वाचून मुलगी गप्प झाली. व्हिसा हा शब्द आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर वाढलेला आहे, त्यामुळे तिला फार समजवावं लागलं नाही.

एवढ्या हजारो मजुरांपैकी एकानेही रेल्वेच्या कामावरून घरी लिहिलेलं पत्र आजवर सापडलेलं नाही. कंपनीच्या वहीत बहुतेकदा टोळीच्या मुकादमाचंच नाव.

आम्ही आपली तुलना केली, की बोरघाटात पटकीने हजारो मेले, त्यांचं तरी काय लिहिलंय? नानांना ते आवडलं नाही. म्हणाले, "त्यांचं जाऊ दे. माझ्या गँगमधल्यांची नावं तू कधी विचारलीस?" विचारली नव्हती. रविवारी कॅपिटल पाहिलं, सटरचा किल्ला पाहिला, दोन्ही ठीक.

जाणार असाल तर म्युझियमला अख्खी सकाळ ठेवा, आणि जुलै-ऑगस्ट टाळा, नागपूर आठवतं. आणि हो, आपल्या बार्ट स्टेशनजवळून जाणारी आयर्न हॉर्स ट्रेल म्हणजे १८९१ ची रेल्वे लाइनच, रूळ काढलेली. नाना आता तिथेच फिरायला जातात. कन्या वही घेऊन सोबत असते. गँगमन, कीमन, पावसाळ्यात रात्री दरडीवर पहारा देणारे, अशी अठरा नावं झाली आहेत. एकोणिसावं आठवेना, म्हणून काल कर्जतला फोन लावला होता.