सुरक्षित तालुका, कोरडा नाला

कापसाचा शेवटचा वेचा आटोपत आला की घाटंजीच्या शिवारात दरवर्षी तोच पेच: पऱ्हाटी उपटायची की फरदड ठेवायची? विहिरीला पाणी असेल तर मोह आवरत नाही. दोन पाळ्या दिल्या की पुन्हा बोंडं धरतात, उसनवारी फेडण्यापुरता कापूस हाती येतो. कृषी खातं गुलाबी बोंडअळीपायी फरदड नको म्हणतं. २०१७ साली त्या अळीने जिल्ह्याला कसं रडवलं, ते सगळ्यांना आठवतं. फरदड पिते त्या पाण्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

आपल्याकडे वर मुरूम, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात मुरमात जे मुरतं तेच विहिरीत उतरतं आणि तेच पाझरून नाल्याला येतं. डिसेंबरात मोटारी सुरू झाल्या की नाला लवकर आटतो, मग डोह, मग काठची दलदल. शेजारी टिपेश्वरचं जंगल आहे. विदर्भातल्या जंगलांत उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरताना आपण पाहतो आणि दोष उन्हाला देतो.

सरकारी मोजणीत हे दिसत नाही. उपसा ७० टक्क्यांच्या आत असला की तालुका ‘सुरक्षित’. नैसर्गिक विसर्ग म्हणून, म्हणजे नाल्या-डोहांच्या नावाने, वर्षभराच्या पुनर्भरणातले साधारण पाच ते दहा टक्के बाजूला काढतात. तेवढ्यावर नाला मार्चपर्यंत वाहतो का, हे बघणं कोणाचंच काम नाही. पाणथळींच्या २०१७ च्या नियमांनी तर सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले. गंमत अशी, की राज्याचं पहिलं रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर हे सिंचनाच्या बंधाऱ्यामागेच तयार झालं आहे! पक्ष्यांनी नियम वाचले नसावेत.

पाण्याचा हिशेब इतरत्रही असाच चुकला आहे. स्पेनमधल्या दोन्याना पाणथळीभोवती स्ट्रॉबेरीसाठी बेसुमार बोअर पडले. २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पेनला दोषी धरलं, त्यातलं एक कारण हेच: बेकायदा उपसा भूजलाच्या हिशेबात धरलाच नव्हता. २०२३ मध्ये तिथल्या सरकारांनी सिंचन सोडणाऱ्या शेतकऱ्याला पैसे देण्याचा करार केला.

आपला कोरडवाहू शेतकरी म्हणजे स्ट्रॉबेरीचा बागायतदार नव्हे. त्याला खलनायक ठरवणं सोपं आणि चुकीचं आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत केली ती सरकारने, २०२४ मध्ये. आपला भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर तो निर्बंध घालतो, पण बोअरची गाडी गावात शिरते तेव्हा तो कोणाला आठवतो?

म्हणून मागणी साधी आहे. विजेवर खर्च होतोच आहे, त्यातला थोडा डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणाऱ्याच्या खात्यात टाका. बोंडअळीची साखळीही तुटेल आणि मुरमातलं पाणी नाल्याला राहील. रक्कम किती, यावर घोळ नको: एकरी एका क्विंटलाचा हमीभाव धरून सुरुवात करता येईल.