धडगावात चालतो का?

गेल्या महिन्यात एका नव्या गेमला मी दहापैकी साडेआठ मार्क दिले होते. आज ते परत घेतोय. गेम तोच, लॅपटॉप तोच, खेळणाराही तोच. फक्त जागा बदलली.

तर झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत धडगावला गेलो होतो. पुण्यातल्या मित्रांना हे गाव नकाशावर शोधावं लागतं, म्हणून सांगतो: नंदुरबार जिल्हा, अक्राणी तालुका, सातपुड्याच्या पार आत. शहाद्याहून म्हसावदमार्गे घाट चढून जायचं. तालुक्याच्या उत्तरेला नर्मदा, पलीकडे मध्य प्रदेश. बाबांची तिथल्या शाळेत बदली झाली ते साल १९९८, म्हणजे धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेच. नातेवाईकांनी सांत्वनाला आल्यासारखे चेहरे केले होते. मला मात्र आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम धडगावातच मिळाला.

शहाद्याच्या बाजारातून आणलेला, टीव्हीला जोडायचा तो डबा. सोबत पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९९९ इन वन'. प्रत्यक्षात गेम सात-आठच, बाकी सगळी त्यांचीच नावं बदलून भरती. पण मारिओ होता, काँट्रा होता, रणगाड्यांचा गेम होता. अंगणात आमचूरासाठी कैरीच्या फोडी वाळत असायच्या आणि आत आम्ही चार पोरं एका रिमोटवर भांडायचो. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. कॅसेट चालली नाही तर फुंकर मारायची. एवढीच काय ती टेक्निकल सपोर्टची व्यवस्था :-)

त्या चौघांतला एक अजून तिथेच असतो, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. त्याचा मुलगा आठवीत. काका पुण्याचे, काका गेमवर लिहितात, म्हणून पोरगं दोन दिवस माझ्या मागे. म्हटलं चल, दाखवतो. लॅपटॉप उघडला, साडेआठवाला गेम सुरू केला. पूर्ण इन्स्टॉल केलेला, पैसे मोजून घेतलेला, एकट्याने खेळायचा गेम. स्क्रीनवर गोल फिरत राहिला आणि शेवटी म्हणाला, सर्व्हरशी संपर्क होत नाही. मोबाईलचं नेट जोडून पाहिलं. एक काडी यायची, जायची. गच्चीवर गेलो. तिथे संपर्क झाला, तर आधी अपडेट घ्या म्हणाला.

पोराने विचारलं, "पण काका, गेम तुम्ही विकत घेतलाय ना? मग तो कोणाला विचारतोय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर लाज गेमची नाही वाटली, माझ्या साडेआठची वाटली. ग्राफिक्सला इतके, कथेला इतके, संगीताला इतके असं सगळं मी तोलून लिहिलं होतं. हा गेम दर वेळी दाराबाहेर उभं राहून मालकाची परवानगी मागतो, हे एका ओळीतही लिहिलं नव्हतं. का? तर घरच्या फायबरवर मला ते कधी दिसलंच नाही.

हौशी परीक्षण करणाऱ्या आपल्या सगळ्यांचं हेच झालंय, असं माझं म्हणणं आहे. मोठ्या साइट्सची मजबुरी समजू शकतो. त्यांना कॉपी कंपनीकडून आगाऊ मिळते, अटींसकट. २०२०च्या डिसेंबरात सायबरपंक २०७७ आला तेव्हा परीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती दिली होती. चांगले मार्क पडले. मग जुन्या कन्सोलवाल्यांच्या हातात गेम पडला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. पण आपण तर स्वतःच्या खिशातून घेतो! आपल्याला अट कोणाची? आपल्याकडे स्वातंत्र्य सोडून दुसरं भांडवलच नाही, आणि तेच न वापरता आपण मोठ्यांच्या साच्यात मार्क वाटत बसतो.

आता जरा आकडे बघू. मारिओचा मूळ गेम १९८५चा, सगळा मिळून ४० केबी. आजचे मोठे गेम १०० जीबीच्या पुढे सहज जातात. म्हणजे एका गेमच्या जागेत सुमारे २५ लाख मारिओ मावतील. बरं, ज्याच्याकडे रोज दीड जीबीचा रिचार्ज आहे, त्याने दुसरं काहीही न करता १०० जीबी उतरवायचे ठरवले तर ६७ दिवस लागतात. तोवर नवं अपडेट आलेलं असतं. हा आकडा परीक्षणात का नको? गाडीच्या परीक्षणात अ‍ॅव्हरेज लिहितातच ना.

यावर नेहमीची उत्तरं येतात. पहिलं: "जुनं ते सोनं म्हणत बसू नकोस." मान्य. जुन्या गेममध्ये पुष्कळ कचरा होता, आणि माझी लाडकी कॅसेट तर सरळसरळ पायरेटेड होती. मला ते दिवस परत नकोत.

दुसरं उत्तर: "पायरसीमुळेच कुलूप लावावं लागतं." कुलपाला माझा विरोध नाहीच. १९८९च्या प्रिन्स ऑफ पर्शियातही कुलूप होतं. डॉसवर पहिली पातळी संपली की बाटल्यांची खोली यायची, आणि कुठल्या अक्षराची बाटली प्यायची ते छापील पुस्तिकेत बघावं लागायचं. पण त्या कुलपाची किल्ली विकत घेणाऱ्याच्या हातात होती. आज ती कंपनीच्या खिशात असते. आणि गंमत बघा, कुलूप फोडलेली चोरीची कॉपी धडगावात बिनबोभाट चालते. अडतो कोण, तर ज्याने पैसे भरले तो.

तिसरं: "ऑनलाइन गेमला सर्व्हर लागणारच." लागेल की! दहा जणांबरोबर खेळायचं तर दहा जण हवेतच. पण पत्त्यांत एकट्याने पेशन्स लावताना कोणी क्लबची परवानगी मागतं का?

आणि हा फक्त डोंगरातल्या गावांचा प्रश्न आहे असं समजून पुण्या-मुंबईच्या वाचकांनी सुस्कारा सोडू नये. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि गेम सगळ्यांचाच गेला. मॅनहॅटनमध्ये बसलेल्याचाही. एकट्याने खेळणाऱ्याचाही. त्या दिवशी सगळं जग धडगाव झालं. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि २०२५मध्ये युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

उलट उदाहरण बघा. प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ सोर्स कोड हरवला होता. २०१२ साली जॉर्डन मेकनरला त्याच्या फ्लॉपी सापडल्या, त्यातून कोड निघाला आणि त्याने तो जगासाठी खुला केला. तेवीस वर्षं खोक्यात पडून राहिलेली वस्तू जिवंत निघाली, कारण ती मुळात त्या खोक्यात होती. आज लोक जो गेम 'घेतात' त्यातलं काय उरेल तेवीस वर्षांनी? तेव्हा कोणी कितीही फुंकर मारली तरी बंद पडलेला सर्व्हर उठणार नाही.

हे अटळ आहे असंही नाही. जीओजी हे दुकान २००८पासून विनाकुलूप गेम विकतंय, आणि अजून विकतंय. जमतं म्हणजे. पण मागणारा हवा ना. आणि परीक्षकच मागत नसेल तर गिऱ्हाइकाला कळणार कुठून?

म्हणून आजपासून माझ्यापुरता नियम. प्रत्येक परीक्षणात मार्कांच्या आधी चार गोष्टी येतील: किती जीबी उतरवावे लागले, नेट बंद करून गेम सुरू झाला का, सेव्ह केलेला खेळ आपल्याच डिस्कवर राहतो का, आणि उद्या कंपनी बुडाली तर हातात काय उरतं. नेट बंद करून तपासायला दोन मिनिटं लागतात, कंपनीची परवानगी लागत नाही, धडगावला जायचीही गरज नाही. एकट्याने खेळायचा गेम यात नापास झाला, तर ग्राफिक्स कितीही देखणं असो, पाचच्या वर मार्क नाहीत. तुम्हीही लिहीत असाल तर करून बघा, आणि मागचे मार्क बदलावे लागले तर लाजू नका.

साडेआठवाल्याचे आता चार. देखणा आहे म्हणून चार.

आणि त्या पोराचं काय झालं? निघायच्या आधी त्याच्या बापाच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रिन्स ऑफ पर्शिया टाकून दिला. पहिल्या खड्ड्यात पाच वेळा पडला, शिव्या घातल्या, सहाव्यांदा उडी मारली. मध्ये लाईट गेली. आली तेव्हा पुन्हा सुरू केला. कोणालाही न विचारता.

असो. फार झालं. उद्या सोमवार.