शाळेचा सर्व्हर आणि निविदेतील चार ओळी

शाळेत संगणक कक्ष उभारण्याचे ठरले की किती संगणक मिळणार हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. ज्या यंत्रावर ते सारे संगणक अवलंबून राहावयाचे, त्या सर्व्हरचा निकाल मात्र निविदेच्या परिशिष्टात चार ओळींत लागतो. शाळा व्यवस्थापन समित्यांवर जे कार्यकर्ते काम करीत आहेत, त्यांनी या चार ओळी वाचल्या पाहिजेत.

कक्षाची रचना दोन प्रकारे करता येते. प्रत्येक मेजावर पूर्ण संगणक असावा व सर्व्हरने केवळ मुलांच्या फायली आणि अभ्याससाहित्य सांभाळावे, हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात मेजावरील यंत्र फक्त पडदा आणि कळफलक पुरवते. खरे काम सर्व्हर करतो. १९९९ साली सुरू झालेल्या एलटीएसपी या मुक्त प्रणालीमुळे कचेऱ्यांनी मोडीत काढलेली यंत्रेही अशा रीतीने पुन्हा उपयोगात आणता येऊ लागली. गरीब शाळेला ही रचना सोयीची खरी, पण तिच्यात सर्व्हर बंद पडला की वर्गच बंद पडतो. काटकसर कोठे करावयाची याचे तारतम्य म्हणूनच हवे.

विक्रेता प्रोसेसरची थोरवी सांगतो. वस्तुतः वीस मुले एकाच वेळी ब्राउझर उघडतात तेव्हा आधी अपुरी पडते ती मेमरी. मुलामागे एक ते दीड गीगाबाइट धरले, तर ३२ गीगाबाइट ही किमान गरज ठरते. ही मेमरी ईसीसी जातीची, म्हणजे स्वतःतील चुका दुरुस्त करणारी असावी. फायली एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिल्या जाव्यात. मात्र चुकून पुसलेली फाईल दोहोंवरूनही पुसली जाते; तेव्हा आठवड्याला एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवणे टळत नाही. यूपीएसला चैन समजणाऱ्याने मार्चमध्ये पत्र्याच्या खोलीत, वीज जात-येत असताना, एक तास शिकवून पाहावे. मोठ्या कंपन्यांच्या थंड खोल्यांसाठी घडविलेले सपाट सर्व्हर अशा जागी शोभेचेच ठरतात. तालुक्याच्या गावातील कारागीर उघडू शकेल आणि ज्याचे सुटे भाग तेथे मिळतील, असे उभ्या पेटीचे साधे यंत्र बरे.

परंतु खरा वाद किमतीच्या व्याख्येचा आहे. निविदेत स्वस्त ठरते ते खरेदीच्या दिवशी स्वस्त असलेले यंत्र. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत शाळेमागे ६.४० लाख रुपयांपर्यंत एकवेळचे आणि २.४० लाखांपर्यंत वार्षिक अनुदान, पाच वर्षांसाठी, धरलेले आहे. म्हणजे पाच वर्षांत चालविण्याचा खर्च उभारणीच्या जवळजवळ दुप्पट! असे असता सारी चर्चा पहिल्या आकड्याभोवती का फिरावी? २००४ च्या आयसीटी योजनेत अनेक राज्यांनी ठेकेदाराने कक्ष उभारावा, पाच वर्षे चालवावा व नंतर शाळेच्या स्वाधीन करावा, ही पद्धत स्वीकारली. शाळेला मालकी मिळते तेव्हा यंत्र पाच वर्षांचे जुने असते आणि ते चालविणारा माणूस निघून गेलेला असतो.

केरळने २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू केला, पुढे मुक्त प्रणाली स्वीकारली आणि शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, तेव्हा चालती यंत्रे बदलावयाची की काय असा पेच ठिकठिकाणी पडला. मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या शाळेला कंपनीच्या अशा तारखेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

समित्यांनी पुढच्या निविदेपूर्वी तीन अटी लेखी मागाव्यात : पाच वर्षांचा एकूण खर्च दाखवावा, सुटे भाग तालुक्यात मिळण्याची हमी द्यावी, आणि सर्व्हरचा मुख्य पासवर्ड पहिल्या दिवसापासून ठेकेदाराबरोबरच मुख्याध्यापकांच्याही हाती असावा.