दोन दीर्घिकांचे एक घर

मध्यंतरी मोबाईलवर एक मेसेज फिरत होता: आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका एकमेकींवर आदळणार, तारे फुटणार, कियामत जवळ आली! घरातली मुले घाबरली. कियामतची घडी फक्त अल्लाह जाणतो, हे त्यांना सांगितले. मग विज्ञान काय म्हणते तेही समजावले. तेच येथे देत आहोत.

देवयानीची सर्वांत जुनी ज्ञात नोंद इराणच्या अब्दुर्रहमान अस-सूफी यांची. इ.स. 964 च्या सुमारास आपल्या ग्रंथात त्यांनी तिला 'छोटा ढग' म्हटले. तो ढग म्हणजे सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका आहे.

दीर्घिका भिडल्या तरी तारे सहसा आदळत नाहीत. सूर्य म्हणजे वसईत ठेवलेले लिंबू मानले, तर त्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा दिल्लीच्या आसपास येईल! आदळतो तो ताऱ्यांमधला वायू. तो दाबला जातो आणि नव्या ताऱ्यांचे पीक येते. त्यांतले मोठे निळे तारे झगमगतात, पण लवकर विझतात. वायू संपला की नवे जन्म थांबतात. उरतात ते दीर्घायुषी, पिवळे-तांबूस तारे. सर्पिल भुजा विस्कटतात आणि लंबगोल दीर्घिका तयार होते.

आपल्याकडे 2009 मध्ये वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून एक महापालिका झाली. नाव एक झाले, तरी जुनी वस्ती कोणती, नवी कोणती, हे घरे पाहून कळते. खगोलशास्त्रज्ञही ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांचे वय ओळखतात. नरतुरंग तारकासमूहातल्या 'सेंटॉरस ए' या दीर्घिकेत म्हाताऱ्या ताऱ्यांच्या गोळ्यावर धुळीचा काळा पट्टा आहे आणि त्यात कोवळे तारे जन्मत आहेत. पूर्वी गिळलेल्या दुसऱ्या दीर्घिकेची ही खूण.

राहिला मेसेजचा प्रश्न. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार येत्या 10 अब्ज वर्षांत ही टक्कर होण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे. आपला सूर्यच सुमारे 5 अब्ज वर्षांनी म्हातारा होईल!

आकाशाकडे पाहून विचार करा, असे कुरआन वारंवार सांगतो. घाबरवणारे मेसेज पुढे पाठवा, असे नाही. डिसेंबरमध्ये अमावस्येच्या सुमारास इशानंतर मुलांना अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर न्या. दुर्बिणीतून डोक्यावर, किंचित उत्तरेकडे पाहिले तर अस-सूफींचा तो छोटा ढग दिसेल. भीती तिथेच विरेल, इन्शाअल्लाह.