टोकाच्या घरातले व्होल्टेज

दहावीला विज्ञानात भरघोस गुण मिळवणारी आपली मुले-मुली अकरावीची दिवाळी आली की एकच वाक्य बोलू लागतात : "थिअरी येते, पण न्यूमेरिकल जमत नाही." जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही वस्तीत विचारून पाहा. त्यातही वीज आणि चुंबकत्व ही प्रकरणे आली की वही मिटते. मग कोणी शाखा बदलतो, कोणी सीईटीचा नाद सोडतो, आणि घरचे म्हणतात, "आमच्यात कोणी शिकलेले नाही, त्याला कोण सांगणार?" हे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. विजेची गणिते शिकायला घरात इंजिनिअर असावा लागत नाही.

पहिली अडचण भाषेची असते, आणि ती बुद्धीची समजली जाते. दहावीपर्यंत मराठीत विद्युतधारा, विभवांतर, रोध, नालकुंतल शिकलेली मुलगी अकरावीत जाते आणि एका उन्हाळ्यात तेच सगळे करंट, पोटेन्शियल डिफरन्स, रेझिस्टन्स, सोलेनॉइड होऊन बसते. तिला येत नाही असे नाही, तिला ओळख पटत नाही. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडून जुनी आणि नवी नावे समोरासमोर लिहावीत. पन्नास-साठ शब्दांचे काम आहे. क्लासची हजारो रुपयांची फी भरण्याआधी हे फुकटचे काम करून पाहावे.

दुसरी अडचण खरी आहे. मुले गणित वाचतात आणि लगेच सूत्र शोधतात. विजेत खर्च होणाऱ्या शक्तीची तीन सूत्रे पाठ असतात : व्होल्टेज गुणिले करंट, करंटचा वर्ग गुणिले रोध, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. आता गंमत पाहा. दुसरे सूत्र सांगते की रोध वाढला की उष्णता वाढते. तिसरे सांगते की रोध वाढला की उष्णता कमी होते. दोन्ही खरी कशी? हा प्रश्न ज्या मुलाला पडला, त्याने अर्धे प्रकरण जिंकले. ज्याला पडला नाही, तो परीक्षेत जे सूत्र आधी आठवेल ते लावतो.

उत्तर एवढेच की, सूत्र लावण्याआधी विचारायचे : या गणितात बदलत नाही ते काय?

घरची इस्त्री घ्या. तिच्यावर लिहिलेले असते २३० व्होल्ट, १००० वॅट. संध्याकाळी वस्तीत व्होल्टेज उतरून १८० झाले, तर ती किती वॅट घेईल? बहुतेक मुले आधी करंट काढतात : १००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ४.३५ अँपिअर. मग तोच करंट धरून १८० ने गुणतात आणि ७८३ वॅट लिहितात. हे चूक आहे. व्होल्टेज उतरले की करंटही उतरतो. न बदलणारी गोष्ट म्हणजे इस्त्रीच्या आतली तार, म्हणजे तिचा रोध (तापमानाने होणारा थोडा फरक सोडून देऊ). २३० चा वर्ग ५२,९००, भागिले १०००, म्हणजे रोध ५२.९ ओहम. आता १८० चा वर्ग ३२,४००, त्याला ५२.९ ने भागा : सुमारे ६१२ वॅट. व्होल्टेज पाव हिश्श्याहूनही कमी उतरले, पण उष्णता चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. इस्त्री तापत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या आईला हे उत्तर मुलीने समजावून सांगावे. आईला पटले तर गणित आले असे समजावे.

पण व्होल्टेज उतरले का? पुष्कळ गावांत बौद्धवाडा गावाच्या टोकाला, डीपीपासून लांब. हे अंतर कोणी आणि का ठेवले ते आपण जाणतो. त्या अंतराचे भौतिकशास्त्रही आहे. समजा, डीपीपासून वस्तीपर्यंत जाऊन-येऊन तारांचा रोध २ ओहम आहे आणि सगळी वस्ती मिळून २५ अँपिअर घेते. तारेत पडणारे व्होल्टेज २५ गुणिले २, म्हणजे ५०. डीपीवर २३० असतील तर वस्तीला उरले १८०.

आता विचारा, तारेत किती वीज वाया गेली? हुशार मुलेही इथे २३० चा वर्ग भागिले २ करतात आणि २६,४५० वॅट असे उत्तर लिहून मोकळी होतात. अरे, डीपीतून निघाले किती? २३० गुणिले २५, म्हणजे ५,७५० वॅट. निघाले त्याहून जास्त वाटेत सांडेल कसे? तारेच्या वाट्याला २३० नव्हे, ५० व्होल्ट आले आहेत. ५० गुणिले २५, म्हणजे १,२५० वॅट तारेत गेले; १८० गुणिले २५, म्हणजे ४,५०० घरांत पोचले. बेरीज करा, ५,७५०. हिशेब जुळला. किराणा दुकानातला हिशेब पडताळून पाहणारे आपले लोक आहेत. वहीतलाच का पडताळत नाही?

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर भुसावळजवळच्या दीपनगरकडे पाहावे. तिथल्या ५०० मेगावॅटच्या एका संचाची वीज २३० व्होल्टने पाठवायची म्हटली तर २१ लाखांहून अधिक अँपिअर लागतील. चार लाख व्होल्टने पाठवली तर, तीन फेजचा बारकावा बाजूला ठेवून, १,२५० अँपिअर पुरतात. तारेतले नुकसान करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून मनोऱ्यांवरून उच्च दाबाची वीज जाते.

हा विषय आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्याच खात्याखाली उभे राहिले. उद्योग वाढायचे तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असे त्यांचे म्हणणे होते. अर्थशास्त्राच्या या पंडिताने विजेचा विषय इंजिनिअरांचा म्हणून सोडून दिला नाही.

चुंबकत्वात मुले अडतात ती दिशेपाशी. वीज वाहणाऱ्या तारेवरचे बल चुंबकाच्या ध्रुवाकडे नसते आणि तारेच्या दिशेनेही नसते. ते दोन्हींना काटकोनात असते. कागद सपाट, बल कागदाबाहेर, म्हणून डोळा फसतो. यावर हाताचे नियम आहेत, पण परीक्षेत उजव्या हातात पेन असते आणि घाईत मुले अंगठ्याचा नियम डाव्या हातानेच लावतात. उत्तर नेमके उलटे. तेव्हा पेन खाली ठेवावे. आणि आकृती काढल्याशिवाय एकही गणित सोडवू नये. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. गणित त्याला फारसे येत नव्हते. चुंबकाभोवतीच्या रेषा कल्पून त्याने विचार केला आणि १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधून काढले. दीपनगरची वाफ आणि साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरचा वारा, दोघेही तेच करतात : चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांपुढे फिरवतात. साक्रीचेच सौर पॅनेल मात्र हे करत नाही, तिथे फिरणारे काहीच नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

एककांचे थोडक्यात. एक चौरस मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरचा हजारावा नव्हे, दहा लाखावा भाग. तारेच्या रोधाची निम्मी गणिते इथेच बुडतात.

रविवारी विहारात अभ्यासाला बसणाऱ्या मुलांसाठी एक गणित देतो. २३० व्होल्टचे जुने तारेचे दोन बल्ब, एक १०० वॅटचा आणि एक ६० वॅटचा, एकामागे एक, म्हणजे एकसर जोडले. कोणता जास्त प्रकाश देईल? घरच्या वायरिंगला हात लावायचा नाही, कागदावरच करायचे. आणि सूत्राआधी एवढे लिहायचे, की दोन्ही बल्बांत सारखे काय आहे.